टाक्यातली मरळ

बपेऱ्याजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात नत्थू मेश्राम १९७९ साली नोकरीला लागला. त्याचं काम मासे जिवंत ठेवण्याचं होतं. कारखाना धानाच्या तणसापासून पुठ्ठा बनवायचा. त्यातून निघणारं काळं पाणी तीन तळ्यांत निवळवून गावच्या नाल्यात सोडायचा. सोडायच्या जागी मॅनेजर मधुकररावांनी सिमेंटचं टाकं बांधलं होतं. शुद्ध झालेलं पाणी आधी त्या टाक्यात येई. टाक्यात मासे पोहताना दिसले की पाहणीला आलेले साहेब चहा प्यायला मोकळे होत.

नत्थू जातीने ढिवर, म्हणजे मासेमार. त्याने आधी रोहू सोडले. ते मेले. मग मरळ आणली. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते, चिखलातही तग धरते. तिथेही धरली. मधुकररावांनी खूश होऊन नत्थूला खाकी शर्ट दिला आणि नोकरीत कायम केलं.

नत्थूची बायको रुखमिणी नाल्यातले मासे बाजारात विकायची. दोनेक वर्षांत गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. मासे ताजे असत, पण शिजवले की दवाखान्यासारखा वास येई. चंद्रभागाबाई हे तिचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा रस्सा भांड्यासकट आणून तिच्यापुढे ठेवला. रुखमिणीने हुंगला, आणि पैसे परत केले. घरी येऊन ती नत्थूशी भांडली नाही. टोपली आढ्याला टांगली आणि लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊ लागली.

नत्थूने ही गोष्ट मधुकररावांच्या कानावर घातली. मासे मेले का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर, मग पाणी चांगलं आहे, असं ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते. ते शाकाहारी होते, आणि माशाला वास असायचाच अशी त्यांची समजूत होती.

१९८३ च्या हिवाळ्यात नागपूरहून वासुदेवराव नावाचे अधिकारी तपासणीला आले. टाक्यातली मरळ पाहून ते म्हणाले की दुपारच्या जेवणाला हीच होऊ द्या. मधुकररावांनी अभिमानाने होकार दिला आणि रांधायला रुखमिणीला बोलावलं.

नत्थू धावतच घरी गेला. नदीवरच्या श्यामरावकडून चांगली मरळ आणतो, असं तो बायकोला म्हणाला.

"काहून?"

"साहेबाले वास येईन. माही नोकरी जाईन."

"तुमी ज्या पोसून राहिले, त्याच आणा," रुखमिणी म्हणाली. "मी मन लावून रांधीन."

नत्थूने टाक्यावर जाऊन दोन मोठ्या मरळी काढल्या.

रुखमिणीने लसूण, धने, चिंच, काही कमी केलं नाही. वासुदेवरावांनी पहिला घास बराच वेळ चावला. मग यात कोणता मसाला आहे, असं विचारलं.

"मसाला घरचाच आहे, साहेब," दारातून रुखमिणी म्हणाली. "वास नाल्याचा आहे."

वरणभात खात असलेल्या मधुकररावांनी पाहुण्यांना आणखी एक तुकडा वाढायला सांगितला.

वासुदेवरावांनी नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या तपासायला भरून नेल्या. काही महिन्यांनी कळवलं की गाळ नियमात आहे, पण तणस शिजवताना उतरलेलं काहीतरी पाण्यात विरघळून राहतं आणि तळ्यांत निवळत नाही. त्यावर आणखी उपाय करावा. कारखान्याने उपाय केला. पाण्याचा पाइप लांबवून नाल्यात गावाच्या खालच्या अंगाला नेला. टाकं बुजवलं आणि नत्थूला तणसाच्या ढिगांवर पहारेकरी नेमलं.

दोन पावसाळ्यांनी नाल्यातल्या माशाचा वास गेला. रुखमिणीने आधी घरी रांधून पाहिलं, मग टोपली खाली काढली.

त्याच सुमारास खालच्या गावची सुलोचनाबाई बाजारात रिकामी बसलेली दिसू लागली. तिचे मासे कोणी घेईना. रुखमिणीने घरी विचारलं तेव्हा पाइप कुठे सोडलाय ते नत्थूने सांगितलं. तो हे बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता.

पुढच्या बाजारी रुखमिणीने सुलोचनाबाईला शेजारी बसवलं आणि आपले अर्धे मासे तिच्या टोपलीत टाकले.