लवेच्या घेवड्याची पुडी

तुझा हेवा वाटायचा मला, हे लिहायला पंचाहत्तरी उजाडावी लागली.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. तू माझी धाकटी जाऊ, सातवी नापास, रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरणारी. मागच्या अंगणात घेवड्याच्या दोन ओळी लावायचीस. माव्याची कीड पडली तरी औषध मारायची नाहीस. जे झाड तगेल त्याला शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधायचीस. त्याच्या शेंगा फक्त बियाण्याला. भाऊजींनी एकदा त्या चुकून भाजीला तोडल्या, तर दोन दिवस त्यांना वाढलंस, पण बोलली नाहीस.

एका वर्षी एकाच झाडाच्या पानांवर बारीक लव निघाली. मावा तिथे ठरेना. माझ्या लेकीने कारण विचारलं. किडीपासून वाचायला झाडाने लव आणली, असं मी ठोकून दिलं. तू शेंगा निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लव मावा पडायच्या आधीच होती. झाडाला काय ठाऊक मावा येणार ते? बी धरताना काहीतरी चुकतं, उगाच. कुणाचं पान वाकडं, कुणाचं ठिपक्यांचं. बहुतेक बिनकामाचं. हे कामाला आलं, एवढंच."

"आई, तुझ्या पुस्तकातही हेच आहे," लेक म्हणाली.

होतंच. उत्परिवर्तन हा शब्द मी फळ्यावर शंभरदा लिहिला असेल. तुला तो उच्चारताही आला नसता. आणि लेक बघत होती तुझ्या तोंडाकडे.

आठ वर्षांत तुझ्या दोन्ही ओळी लवेच्या झाल्या. लेक तेच शिकायला परगावी गेली. पत्रात अर्धं पान 'काकूला सांग', माझी चौकशी एका ओळीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

तिला भेटायला निघाले तेव्हा तू निम्मं बी तिच्यासाठी पुडीत घालून, लाल दोऱ्याने बांधून दिलंस. मी ते कपाटात शालीखाली सारलं. परत आल्यावर विचारलंस, तर दिलं म्हणाले, खूश झाली म्हणाले.

पुढच्याच वर्षी तुझं छप्पर गळलं, उरलेलं बी कुजलं. तू माझ्या दारातच उभी राहिलीस. "जाऊबाई, पोरीला लिहा ना, मूठभर परत पाठव म्हणावं. दुसरं नाही माझ्याकडे."

लिहिते म्हटलं. तेव्हा बी उगवलं असतं, आणि कपाट तुझ्यापासून चार पावलांवर होतं.

आता दाणे सुरकुतलेत. पुडीचा लाल दोरा मी अजून सोडलेला नाही. लेकीला लिहायचं राहिलंच.