वजन वाढतंय ना, छान

बाच्या हृदयाचा पंप ढिला झालाय, असं शहरातल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले तेव्हा बा हसला. "पंप तर गावातला पन ढिलाच हाय," म्हणाला. पाय आणि पोट सुजलेलं घेऊन तो तिथं गेला होता; अंगातलं पाणी उतरवून त्यांनी त्याला घरी सोडलं. मीठ कमी, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन करून दवाखान्यात फोनवर सांगायचं. बाकी आम्ही इथून लक्ष ठेवतो, म्हणाले. वजन कशासाठी, ते सांगायला त्यांना सवड नव्हती. मागं रांग लागली होती.

तेव्हा आमच्या साखरशेत गावात फोन नुकताच आलेला, तोही एकच, किराणा दुकानात. पोती तोलायचा काटाही तिथंच. मी गावातच शाळेवर बाई होते. शाळा भरायच्या आधी बाला घेऊन जायचे. बा काट्यावर उकिडवा बसायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, "बघ रे, नाचनीचा पोता हाय, नीट तोल." मग मी फोन लावायची. पलीकडं नेहमीची एक बाई असायची.

"कुठून?"

"जव्हारकडून. वजन सांगायचंय."

"वाढलं की उतरलं?"

"वाढलंय थोडं."

"अरे वा! छान. असंच खाऊ घाला हं."

आणि ठेवला फोन! किती किलो, कुणाचं, काही नाही. मी आकडा सांगायला जायची, तर ती म्हणायची, "ते राहू द्या, वाढतंय ना?"

तिला तरी काय बोलायचं? आमच्याकडं वावर गावची पोरं भुकेनं गेली, तेव्हापासून जव्हार म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढं हाडं निघालेली पोरं उभी राहायची. गाड्या भरून लोक यायचे, पोरांना झोळीत टांगून तोलायचे, काटा जरा खाली गेला की त्यांचे चेहरे खुलायचे. ते बघून बघून आम्हीही तेच शिकलो होतो. वजन वाढलं म्हणजे जीव वाचला, एवढंच आमच्या घराघरांतल्या बायांना ठाऊक.

त्यामुळं घरी आनंदच! आत्या सुकट घेऊन आली, चांगली खारवलेली. "माझ्या भावाच्या अंगी लागतंय," म्हणाली. आईनं मिठाचा विषय काढला, तर आत्या तिच्यावरच खेकसली, "दवाखान्यातली बाई खाऊ घाला म्हनते, तुला जास्ती कळतं का गं?" बाला काय, भाकरीसोबत सुकट म्हणजे सण. "वजन वाढला ना? मंग झाला," म्हणाला आणि पुन्हा वाढायला लावली.

मग त्याच्या वहाणा पायात शिरेनात. मी दुसऱ्या दिवशी फोनवर ते आधी सांगितलं. "पायाला सूज दिसतेय, रात्री आडवं झालं की धाप लागते."

"ते पुढच्या तपासणीला सांगा. वजन कसंय?"

"रोज वाढतंय."

"मग कशाला घाबरता? उगाच काळजी करू नका."

त्या फोनची मला आजही चीड येते. अशी येते, की वाटतं, तारेतून हात घालून तिचं बखोट धरायला हवं होतं.

त्यानंतर एका सकाळी बाला काट्यापर्यंतही चालवेना. ओठ निळे पडले. जीप मिळवून जव्हारला आणलं, तिथून शहरात. घाट उतरताना तो माझा हात धरून नुसता तोंड उघडून श्वास ओढत होता.

बाला आत घेतलं, दारं लावली. पुष्कळ वेळानं डॉक्टर बाहेर आले ते तापलेलेच. "अहो, अंगात एवढं पाणी साचलं! वजन वाढायला लागलं की लगेच आणायचं, म्हणून तर रोज कळवायला सांगितलं होतं!"

"रोज कळवलं," मी म्हणाले.

"कुणाला?"

मी वळून बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला टेबलावर फोन होता, आणि कानाला रिसीव्हर लावून ती म्हणत होती, "अरे वा, छान." मी जाऊन तिच्यापुढं उभी राहिले. जव्हारकडून रोज फोन करायची ती मीच, असं सांगितलं. तिनं हातातला फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून अगदी ओळखीचं हसली.

"हो हो, तुमचं वजन मस्त वाढत होतं की! आणलंय का आज? कुठाय बाळ?"

बा आत खाटेवर होता. त्याच्या तोंडावर चादर ओढून झाली होती.