हात जोडणाऱ्यांचा ग्रुप

ओल्या गोधडीचा वास आला की मला वेल्ह्याजवळची ती शाळा आठवते. वरच्या वाडीवर दरड आली होती, माणसं शाळेत आणली होती आणि त्यांची यादी माझ्याकडे होती. फक्त एका नावापुढे खूण नव्हती, दम्याच्या एका म्हातारीच्या. तिची सून सारखी विचारत होती, "ताई, आत्याबाईंचं काय कळलं का?" मी गावाचा मोबाईलवरचा ग्रुप उघडला. शहरातल्या गाववाल्यांनी 'निःशब्द', 'काळीज फाटलं' यांचा नुसता ढीग घातला होता. एकाने तर म्हातारीच्या फोटोला हार घालून श्रद्धांजलीही वाहिली होती. "अवो, ह्या हार घालणाऱ्या मेल्याला काय कळतंय का न्हाई? अजून सापडल्या न्हाईत त्या!" सून ओरडली. मी चिडून मागचे निरोप बघत गेले, तेव्हा वाडीतल्या गुराख्याचा सकाळचा निरोप सापडला: 'म्हातारी माझ्या गोठ्यात हाय. दम्याचा पंप संपलाय. लवकर आणा.' त्याखाली अकरा जणांनी हात जोडले होते. पंप घेऊन माणसं धावली, म्हणून म्हातारी वाचली. आता कुठल्याही ग्रुपवर मी आधीच बजावते, काय हवंय तेवढंच लिहा. लोक मला कोरडी म्हणतात. म्हणू देत. ज्याच्या दारात दरड आली होती, त्या गुराख्याने तरी कुठे रडका शब्द लिहिला होता?