आबांची विचारपूस

संस्थानच्या महाराजांनी गुळाच्या व्यापाराला नवी पेठ वसवून दिली, त्या वेळची ही गोष्ट. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, तिथं एका अडतीवर गुळाच्या ढेपा उतरवून घ्यायच्या कामाला होते. मंगळवार पेठेतल्या घरातून निघाले की मान खाली आणि पाय पुढे. कुणी रामराम घातला तर नुसता हुंकार मिळे, तोही मिळाला तर. असा माणूस, माझं लग्न कुरुंदवाडला ठरलं त्या वर्षी, एकाएकी लोकांच्या दारात थांबून विचारपूस करू लागला. "काय, म्हस व्याली का?" "पोराचा ताप उतरला न्हवं?" लेक सासरी जाणार म्हणून आबा मवाळ झाले, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

खरी गोष्ट फक्त आईला आणि मला ठाऊक होती. चढ लागला की छातीवर कुणी गुडघा रोवल्यागत त्यांना व्हायचं, कळ डाव्या हातात उतरायची, घाम फुटायचा. उभं राहिलं की सगळं ओसरायचं. आईनं हट्टानं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, बरोबर मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "हा क्षय नाही. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्यालाही स्वतःपुरतं रक्त लागतं. ते नेणाऱ्या शिरा आतून बुजत आल्यात. बसल्या जागी भागतं. चढ चढला, ओझं उचललं की भागत नाही, म्हणून दुखतं. जेवून लगेच चालू नका, आणि दुखलं की थांबा."

"मग लोकास्नी सांगून टाकूया की. लपवायचं कशाला?" आई वाटेत म्हणाली.

"छातीचं दुखणं म्हटलं की लोक क्षयच धरत्यात," आबा म्हणाले. "पावणं सोयरीक मोडतील. अक्षता पडूदेत, मग बघू."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याच गल्लीत एकीचं ठरलेलं लग्न बापाच्या खोकल्यापायी मोडलं होतं, आणि तो खोकला नुसता तपकिरीचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून आबा दुखलं की कुणाच्या तरी दारात थांबत आणि म्हशीची चौकशी करत. मला त्या लग्नाचाच राग यायचा. बापाचा जीव टांगणीला लावून नवरा कसला मिळवायचा? पण मुलीला विचारतो कोण.

लग्न लागलं, जेवणं उरकली आणि आमच्या गाड्या निघाल्या. पुरुषमंडळी पुढच्या गाडीत, मी आणि सासूबाई मागच्या. बापानं वेशीपर्यंत चालत पोचवायचं, ही रीत. आबा माझ्या बाजूनं गाडीची कड धरून चालत होते. घरं मागं पडली आणि पुढच्या चढावर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. विचारपूस करायला तिथं ना दार होतं, ना माणूस.

"थांबव रे जरा," ते गाडीवानाला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "बरी हाईस न्हवं गं?"

जन्मात त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. मला रडू कोसळलं, पण मी गप्प बसले असते तर गाडी हलली असती आणि आबांना पाय उचलावा लागला असता. म्हणून मी बोलू लागले. बरी आहे म्हणाले. शेळीला पाला वेळेवर घाला, आईला एकटीला पाणी ओढू देऊ नका, लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा नीट बांधा, सुचेल ते सांगत सुटले.

"लई बोलकी हाय की पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "चला आता."

मी ऐकलं नाही. आबांच्या कपाळावरचा घाम वाळेपर्यंत बोलत राहिले. मग त्यांनी गाडीची कड सोडली आणि गाडीवानाकडं बघून मान हलवली.

दिवाळीच्या आधीच आबा गेले. दारात येणारा जो तो सांगे, किती आपुलकीनं विचारायचे. मीही हो म्हणत गेले. मला त्यांनी दुखण्यापायी विचारलं की माझ्यासाठी, ते मला कधीच कळलं नाही. पण माझं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एवढं खरं.