कॅसेटमधली पोर

त्या दुपारी आमच्या पडवीत कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. सासू होती, खांबाला टेकून पाय लांब करून बसलेली. थोरली जाऊ होती. भावजी होता, म्हणजे माझ्या घोवाचा मुंबईतला आतेभाऊ, तो टेप घेऊन आलेला. आणि टोपलीखाली झाकलेली खुडूक कोंबडी. बस्स. आता इतक्या वर्षांनी वाडीतल्या पुष्कळ जणी बोलतात, आमीपण होतो. कोण नव्हतं.

मी दुसरीपर्यंत शिकले. मी बोलतेय आणि नात लिहितेय. तिला सांगितलंय, माझं बोलणं गुळमुळीत करू नको. राग हाय तर रागच लिही.

आमचं गाव दाभोळच्या खाडीला लागून. खाडीच्या कडेला भातशेती, आणि खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा बांध. एका वर्षी तो बांध फुटला. उभं भात करपलं. भात साठवायची कणगी, बांबूची, माणूस आत उभं राहील एवढी, ती तळापर्यंत रिकामी. रानातले करांद्याचे कंद उकडून खाल्ले. नाचणीची पेज केली तर वाटीचा तळ दिसायचा त्यातून. घोव मुंबईला, पदरात तीन पोरं. रडले नाय मी. रडून पेज दाट होत नाय.

पण भुकेलं माणूस दुपारी आडवं झालं की त्याला भलतीच स्वप्नं पडतात. मला पडायची. कणगीत मासे पोहतायत आणि सासू ते सुपात घेऊन पाखडतेय. घोव समुद्रावरून चालत येतोय, डोक्यावर ट्रंक, आणि घरापाशी पोचला तर घराला दारच नाय. उठलं की त्याचं मी गाणं करायची. कोणी शिकवलं नाय. पुढच्या वर्षांत भाताच्या लावणीला वाकलो की मी म्हणायची आणि जाऊ मागून झेलायची.

माझ्या कणगीत पोहतात मासे,
सासू सुपात पाखडते मासे,
चुलीवर ठेवले, उडाले मासे,
सांगा पोरांनो, जेवाल कसे?

हे सावकाश म्हणायचं. चिखलात पाय ओढत चालतो ना, तसं. शेवटच्या ओळीला तर थांबायचंच. कारण पोरं खरंच समोर बांधावर बसलेली असायची आणि मला खरंच ठाऊक नसायचं.

भावजी मुंबईत एका कॅसेटवाल्याकडे कामाला होता. तेव्हा कॅसेटी जोरात होत्या, चहाच्या टपरीवरपण वाजायच्या. दिवाळीला गावी आला आणि भात झोडताना त्यानं आमचं ऐकलं.

"वहिनी, ही गाणी कोणाची?"

"माझी."

"भरून नेतो. मालकाला ऐकवतो. तुमची कॅसेट निघेल."

मी हो बोलले. कधी नव्हे ते कोणी माझ्याकडे असं कायतरी मागितलं होतं, जे माझ्याकडे होतं.

सासू बोलली, "ने बाबा, हिचं तोंड त्या डब्यात भरून ने. घरात शांतता होईल."

पण दोन दिवस त्यानं वाडीला सिनेमाची गाणी ऐकवली होती. आमच्याकडे वीज आलेली नव्हती. भरायला बसलो तर टेपातले सेल मेलेले. नवे आणायचे तर दाभोळ, त्याला होडी, होडीला भरती. सकाळी त्याची एसटी.

"राहू दे वहिनी, शिमग्याला बघू," तो बोलला.

शिमग्याला काय बघतोय हा, मला ठाऊक होतं. मी बोलले, "सेल काढा. उन्हात ठेवते. आमची बॅटरी तशीच चालते."

खरंच चालायची. सेल विझत आले की उन्हात तापवायचे, चार दिवस आणखी उजेड देतात. सगळी वाडी तसंच करायची. खळ्यात सुक्या मासळीशेजारी मी ते सेल मांडले आणि मांजराला हाकलत बसले. दुपारी घातले तर टेप फिरायला लागला. माझ्या हातानं केलं ते, लपवत नाय.

कोंबडी झाकली. भावजीनं हात वर केला, की आमी सुरू. दोन्ही बाजू भरल्या. मधेच सासू खोकली, भावजीनं डोळे वटारले, तर ती त्यालाच बोलली, "खोकलापण घे भरून, फुकट हाय." शेवटी टेपातून परत ऐकलं. माझाच आवाज, जाडा. जाऊचा फाटका. बरोब्बर होतं सगळं.

तिथंच फसलो. सेल मरायला आले की मशीन हळू फिरतं. हळू भरलेलं त्याच हळू मशीनवर ऐकलं तर नीटच लागणार. पण मुंबईत चांगल्या मशीनवर घातलं की ते भरभर पळतं, आणि बाईच्या आवाजाची पोर होते. हे आमाला कुठलं कळायला? पण भावजी कॅसेटीचाच धंदा करायचा. त्याला कळलं. हे मी विसरत नाय.

शिमग्याला तो छापील कॅसेट घेऊन आला. वर चित्र, लाल रिबिनी बांधलेली, गालावर खळी पडलेली पोर, ढगावर बसलेली. त्यानं नवे सेल घालून लावली. किनऱ्या आवाजात कोण तरी टुणटुण म्हणत होतं, माझ्या कणगीत पोहतात मासे.

सासू बोलली, "ही कोणाची पोर किरकिरतेय?"

जाऊचे पुढचे तीन दात पडलेले. तिनं तोंडावर हात ठेवला. "गो बाय, माझे दात आले परत!" आणि हसत सुटली.

मी हसले नाय. विचारलं, "भावजी, मी कुठाय ह्याच्यात?"

"वहिनी, मालक खूष झाला. बोलला, स्वप्नातल्यासारखा आवाज हाय. कुठल्या पोरीचा? मी बोललो, गावच्या एका पोरीचा."

"मी पोर हाय?"

"खरं सांगितलं असतं तर कोण घेणार होतं? चिखलात भात लावणाऱ्या बाईची कॅसेट कोण ऐकतं?"

"मग नव्हती काढायची. जा आणि ते चित्र बदलून ये."

"छापून झालं, वहिनी."

छापून झालं. जसं काय आभाळातून छापून पडलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शाळेचा कार्यक्रम होता. सगळा गाव मैदानात बसलेला. पुठ्ठ्याचे मासे पाठीला बांधून पोरं आली आणि स्पीकरवर ती किनरी पोर सुरू झाली. "जेवाल कसे?" आलं की सगळी पोरं पोट चोळायची, आणि लोक हसायचे. मी बघत होते कोण हसतंय. बांध फुटला त्या वर्षी माझ्याबरोबर करांदे खणायला आलेल्या बाया हसत होत्या. भावजीवर नाय आला एवढा राग मला त्यांचा आला.

उभी राहिले. बोलले, "हे गाणं माझं. कॅसेटमधे मीच म्हटलंय."

आता तर जास्तच हसले. गुरुजी चांगले होते, बोलले, "या मावशी, माईकवर म्हणून दाखवा."

गेले. म्हटलं. माझ्या आवाजात, माझ्या चालीत, चिखलातनं पाय ओढल्यासारखं. शेवटच्या ओळीला थांबले. मैदान गप्प होतं. मला वाटलं, कळलं त्यांना.

गुरुजींनी माईक घेतला. "मावशींनी छान प्रयत्न केला. चाल जरा चुकली, आणि थोडं भरभर म्हणायला हवं होतं, पण या वयात शिकल्या, टाळ्या वाजवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ रडली. मी घरी येऊन भांडी घासली.

त्यानंतर गाणं केलं नाय. रुसून नाय. स्वप्न पडलं तरी ते त्या किनऱ्या आवाजातच ऐकू यायचं, मग उठून काय करायचं त्याचं?

आता सासू नाय, जाऊ नाय, भावजी नाय. नातीला कुठून तरी ती कॅसेट मोबाइलवर मिळाली. खाली लोकांनी लिहिलंय, ही गोड पोर आता कुठे असेल? नातीनं कायतरी बोट फिरवून ती हळू केली. आणखी हळू. मग मी आले. जाडी. मागून जाऊ झेलत होती. भरभर असताना चिमणी वाटायची ती आमची खुडूक कोंबडी होती, टोपलीखाली चिडलेली. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाला सासू विचारतेय, "झालं काय गो?"

नाय झालं.

तर जो कोणी हे वाचतोय त्याला एवढंच सांगायचंय. ढगावर बसलेल्या पोरीची ती कॅसेट तुमच्याकडे असली, तर हळू करून ऐका. बाईचा आवाज येईपर्यंत हळू करा. आणि शेवटच्या ओळीला तुमच्या पोरांना पोट चोळायला लावू नका.