टाकी कुणी बांधली

आमच्या घरची रीतच होती: पाहुण्यांना आधी बागेतली पाण्याची जुनी टाकी दाखवायची, मग चहा. तीनशे वर्षांपूर्वी आपली माणसं बेंगळुरात आली आणि इथं दगडाचं म्हणून जे काही उभं आहे ते त्यांनीच बांधलं, अशी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ठाम समजूत. त्यामुळे नव्वदच्या दशकात मला बघायला मुलगा आला, तेव्हा तो बिचारा आईसकट थेट बागेतच नेला गेला. मीही होतेच बरोबर, नवी साडी सावरत.

मुलगा बेळगावचा, इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या शेड बांधणारा इंजिनिअर. उंच, सावळा, हसरा. मला तर बघताक्षणी आवडला, खोटं कशाला बोलू? पण त्याचं लक्ष माझ्याकडे असेल तर शपथ! मान वर करून तो टाकीच न्याहाळत होता. खाली गोल दगडी बुरूज, त्यावर टोकदार कमानी, आणि डोक्यावर लोखंडी पत्र्याची भलीथोरली टाकी.

"आपल्या लोकांचं काम," अप्पा म्हणाले.

"छे हो, इंग्रजांच्या वेळचं. पत्रे रिव्हेटचे खिळे मारून जोडलेत, बघा. आणि कमानी नुसत्या शोभेच्या. भार सगळा भिंतीवर."

"शोभेच्या?" अप्पांचा पारा चढला. "आणि लोखंड काय इंग्रजांनी आणलं? आमच्या तलवारी लाकडाच्या होत्या काय?"

मुलगाही हटेना. दोघं टाकीभोवती फिरत भांडायला लागले. जुळायच्या आधीच लग्न मोडतंय, हे मला दिसत होतं. माझा जीव टांगणीला, आणि यांचं आपलं चुना की सिमेंट! शेवटी मी अर्ध्या कानडीत ओरडलेच, "सरी, पुरे! अप्पा, स्वल्प गप्प बसा. आणि अहो, तुम्हीसुद्धा!"

झालं, आता कसलं लग्न, असं मनात म्हणतेय तोवर मुलाची आई खुदकन हसली. "याला गप्प बसवणारी आजवर कुणी भेटली नव्हती. आम्हाला मुलगी पसंत आहे."

अप्पा मात्र घुश्शातच. "पसंतीचं नंतर बघू. आधी टाकी कुणी बांधली ते ठरू दे. नाहीतर मी मुलगी देणार नाही."

मुलानं टाकीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं. एकेका दगडावरून वाद घालणारा माणूस तो, पण म्हणाला, "तुमच्याच पूर्वजांनी बांधली."

"रिव्हेटसकट?" अप्पांनी दरडावून विचारलं.

"रिव्हेटसकट," तो म्हणाला, नजर माझ्यावरच ठेवून.