पुतळीच्या बरण्या

पुतळी लग्न होऊन पेणच्या खाडीकाठच्या गावात आली ती १९६३ साली. सासरच्या परसात तेव्हा एक माड आणि कपडे वाळत घालायची एक दोरी, एवढंच होतं. माडाला नारळ धरत नव्हते. नवरा कान्हू मिठागरावर कामाला होता, आणि परसातली माती चाटून पाहिली तर मिठागर घरापर्यंत आलंय असंच वाटावं. पुतळीने ती चाटून पाहिली होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी.

तिचं माहेर रोह्याकडचं, खांबजवळ. तिथे दारात बी थुंकली तरी वेल चढायचा. पहिल्या माहेरपणाहून परतताना तिने टोपलीभर माती आणली. एस.टी.च्या कंडक्टरने टोपलीत काय आहे विचारलं. तिने माती म्हणून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो पुढच्या सीटकडे गेला.

सासूने, म्हणजे धोंडुबाईने, टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं.

"बापाची जमीन टोपलीनं उचलून आणतेस काय गो?"

"व्हय," पुतळी म्हणाली. "भावाला विचारून."

त्यानंतर बारा वर्षं ती जेव्हा जेव्हा माहेरी गेली, तेव्हा टोपली घेऊनच आली. परसात खाली फुटक्या कौलांचा थर, त्यावर भाताचं तूस, म्हणजे खालचा खार वर चढत नाही, आणि त्यावर ही माती. पाणी गावच्या तळ्यातून डोक्यावरून आणायचं. चौथ्या वर्षी वांगी आली. मग मिरच्या, गवार, कारली. आली ती सगळी एकदम. आठवडाभर घरात तिन्ही त्रिकाळ वांगं शिजलं. कान्हू मिठागरावर लवकर जायला लागला.

तेव्हा पुतळीने उरलेलं टिकवायला घेतलं. वांग्यांचे काप आणि कारल्याच्या चकत्या मीठ लावून, गवार उकडून, सगळं कौलांवर वाळायचं. मिरच्या आणि माहेरच्या कैऱ्या बरण्यांतून मिठाच्या पाण्यात मुरायच्या. मीठ कान्हूच आणायचा. पण करड्या रंगाचं आणलं तर ती परत पाठवायची. जन्म मिठात गेलेला तो माणूस घरी आल्यावर बायकोकडून मीठ कसं असावं ते ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पांढरं आणायचा.

१९७५च्या भाद्रपदात, अमावास्येच्या उधाणाला, खाडीचा बांध फुटला. सकाळची वेळ होती. पुरुषमाणसं बांधाकडे धावली होती आणि घरात गुडघाभर पाणी चढलं होतं. पुतळीने शिडी लावली आणि बरण्या माळ्यावर न्यायला सुरुवात केली. अकरा बरण्या, मग सुकवलेल्या भाजीची गाठोडी. धोंडुबाई खाटेवर उभी राहून हे बघत होती.

"आणि मी गो?" तिने शेवटी विचारलं.

"आत्या, तुम्ही भिजलात तर वाळाल. हे भिजलं तर गेलं."

मग तिने सासूलाही वर घेतलं.

पाणी तीन दिवस उतरलं नाही. शेजारच्या चार घरांतलं धान्य भिजलं होतं, ती माणसं यांच्या माळ्यावर आली. माळ्यावर तांदूळ होता, पागोळ्यांखाली धरलेलं पाणी होतं, आणि घमेल्यात पेटवलेली चूल होती. भातावर खारातली कैरी, कधी वांग्याचे काप. धोंडुबाई बरण्यांपाशी बसून स्वतः वाढत होती आणि येईल त्याला सांगत होती, की सुनेने आधी बरण्या चढवल्या, मग मला. पहिल्या दिवशी ती हे तक्रार म्हणून सांगत होती. तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट सांगताना ती पदर सावरून बसायला लागली.

पाणी उतरलं तेव्हा परसातल्या वाफ्यांवर पांढरा थर होता. पुतळी रडली नाही. पण तो दिवसभर ती वाफ्याच्या कडेला बसून राहिली आणि जेवायला उठली नाही. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याने किती नुकसान झालं विचारलं. तिने बारा वर्षांची माती म्हणून सांगितलं. तलाठी भला माणूस होता. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मातीचा रकाना नाही म्हणाला. मग त्याने पाणी मागून घेतलं आणि तो पुढच्या घरी गेला.

पुढच्या पावसाळ्यात पुतळीने वाफ्यांना बांध घालून त्यांत पावसाचं पाणी साठवलं, सोडून दिलं, पुन्हा साठवलं. मातीतलं मीठ असंच धुऊन काढायचं असतं, हे कान्हूने सांगितलं. बागेबद्दल तो बोलल्याचं हे पहिलंच. त्या वर्षी पिवळट माठ उगवला आणि मेला. दुसऱ्या वर्षी माठ जगला. तिसऱ्या वर्षी वांग्याला फूल आलं, आणि शेजारची सरू रोज येऊन ते मोजून जायची, जणू एकाचे दोन होणार होते.

पहिलं वांगं धोंडुबाईने स्वतः तोडलं, निखाऱ्यावर भाजलं आणि ताटात घेतलं. वांगं कडवट आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग तिने दुसरी भाकरी मागितली.